मिठांतील सोडियम आणि घरची बॅटरी

भाईंदर पूर्वेस राहणाऱ्या आमच्या वाचकांस मिठागरें दाखवावयास नकोत. त्या मिठांत जें सोडियम असतें, त्याच्या बॅटऱ्या आतां निघूं लागल्या असून ‘स्वस्त व विपुल’ अशी त्यांची स्तुति सर्वत्र ऐकूं येते. स्तुति खोटी नव्हे; परंतु घरांत इन्व्हर्टर घेणाऱ्या गृहस्थानें प्रथम विचारावें तें हें, कीं ही बॅटरी टिकेल किती?

टिकण्याचें मर्म धनाग्रांत, म्हणजे कॅथोडमध्यें आहे. मँगनीज, लोह, निकेल ह्यांच्या ऑक्साइडचें धनाग्र पोळ्यांच्या चवडीप्रमाणें थरांचें असतें. भारित होतांना सोडियमचे आयन त्या थरांतून बाहेर पडतात व वापरतांना परत शिरतात. हा आयन लिथियमच्या आयनाहून सुमारें एकतृतीयांशानें मोठा. त्याच्या येण्याजाण्यानें थर सरकतात, फुगतात आणि अखेर कणांना तडे जातात.

दुसरा शत्रु दमट हवा. धनाग्राचें चूर्ण उघडें राहिलें, तर बाष्प व कार्बन डायऑक्साइड त्यांतील सोडियम ओढून घेतात आणि कणांवर धुण्याच्या सोड्याचें पुट चढतें. तयार बॅटरी बंदिस्त असल्यानें आषाढांत मिठाच्या बरणीला पाणी सुटलें तरी तिला भय नाहीं. भय आहे तें कारखान्यांत. खाडीकांठीं असा कारखाना काढणारास हवा कोरडी राखण्याचा खर्च चुकणार नाहीं.

ह्यावर उपाय चालू आहेत. किंचित् मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम मिसळलें कीं थर सहसा घसरत नाहींत. कणांवर अॅल्युमिनाचा पातळ लेपहि देतात. फॉस्फेटचा सांगाडा ह्याहून बळकट, मात्र तेवढ्याच वजनांत वीज कमी सांठवितो. जिन्याखालीं ठेवावयाच्या बॅटरीस वजनाची क्षिति कशाला? घरासाठीं आम्ही बळकटपणासच अधिक मान देऊं.

आपल्याच प्रांतांत पुण्याच्या आयसर संस्थेंत डॉ. सतीशचंद्र ओगले ह्यांनीं ह्या विषयांत काम केलें, व त्या संस्थेच्या सहकार्यानें केपीआयटी कंपनीनें डिसेंबर २०२३ मध्यें आपलें सोडियम-आयन तंत्र जाहीर केलें. ३००० ते ६००० फेऱ्यांनंतरहि ८० टक्के क्षमता उरते, असें कंपनीचें म्हणणें. रोज एक फेरी धरली, तर ३००० फेऱ्या म्हणजे आठ वर्षांहून थोडें अधिक. दुकानदारानें असा आंकडा सांगितला, कीं तो किती उष्णतेंत मोजला, हेंहि त्यास अवश्य विचारावें.