माऊच्या पंजाला लागलं तर...



आपल्या सोलापुरात मांजराच्या पिल्लाच्या पंजाला काय काय लागू शकतं, सांगा पाहू! यंत्रमागाच्या कारखान्याजवळ पडलेला सुताचा गुंता, बोळातली काच, बाभळीचा काटा आणि मे महिन्यात तापलेला पत्रा! मग पिल्लू लंगडतं, पंजा सारखा चाटतं. आपला जीव कळवळतो आणि हात जातो घरातल्या औषधांकडे.

थांबा! आपलं औषध ते मांजराचं विष, बरं का. पॅरासिटामॉलची गोळी आपला ताप उतरवते. पण ती पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते. तिच्या एका तुकड्यानेही पिल्लाचा जीव जाऊ शकतो. पाण्यात दुधाळ होणारं जंतुनाशक, फिनेल, बाम हेही नको. कारण मांजर पंजा चाटतं. पंजाला लावलेलं सगळं पोटात जातं.

मग करायचं काय? आधी घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा. पिल्लाला जुन्या टॉवेलात गुंडाळा. डोकं आणि दुखरा पंजा तेवढा बाहेर. उकळून कोमट केलेल्या कपभर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा आणि ते पाणी जखमेवर हळूहळू ओता. वर दिसणारा काटा मोठ्यांनी चिमट्याने काढावा. खोल रुतलेली काच मात्र ओढू नये. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघायचं नाही. पंजा भाजला असेल तर साधं गार पाणी ओता. बर्फ नको, टूथपेस्टही नको. घट्ट पट्टी बांधू नका. खोक्यात मऊ कापड घालून पिल्लाला एक-दोन दिवस घरातच ठेवा.

रक्त थांबत नसेल, सूत बोटाला आवळून बसलं असेल, पंजा सुजला, पू आला, पिल्लू खाईना किंवा दुसऱ्या दिवशीही पाय टेकवेना, तर मात्र सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. दुखऱ्या पायाला हात लावला की गरीब पिल्लूही चावतं, ओरबाडतं. तसं झालं तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. हा रोग एकदा झाला की माणूस सहसा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. आज ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

‘आई रागवेल’ म्हणून ओरखडा लपवू नका हं! आणि पालकांनो, मूल सांगायला आलं की आधी नळ सोडा. रागवायचं असेल तर नंतर रागवा.

या आठवड्याचं काम : ओळखीच्या, शांत मांजराच्या पंजांची बोटं लांबूनच मोजा. पुढच्या आणि मागच्या पायांना सारखीच आहेत का? बघा आणि वहीत लिहा!

तुमच्या बाई