वेष्टनावरचा आकडा

दहा-बारा हजारांच्या आत मिळणारा मोबाईल घ्यायला आलेले गिऱ्हाईक, मग ते लातूरच्या बाजारपेठेतले असो की ठाण्याच्या स्थानकालगतचे, दुकानदारास जे प्रश्न विचारते त्यांत "बॅटरी बॅकअप कसा आहे?" हा प्रश्न हटकून असतो, आणि दुकानदारही वेष्टनावर ठळक छापलेल्या ५००० किंवा ६००० एमएएच या आकड्यावर बोट ठेवून तत्परतेने मोकळा होतो. प्रश्न काळाचा, उत्तर मात्र साठ्याचे. तरीही या सवालजबाबात काही विसंगत घडले असे उभयतांपैकी कोणासही वाटत नाही.

हा आकडा खोटा नसतो, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. बॅटरीत विद्युत्भार किती मावतो एवढेच तो सांगतो. तो किती वेळात खर्ची पडेल हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. २००३ साली आलेल्या आणि विजेरीमुळे खेडोपाडी लोकप्रिय झालेल्या नोकिया ११०० या फोनात अवघ्या ८५० एमएएचची बॅटरी होती, आणि तरीही तो चार-चार दिवस चार्जरची आठवण होऊ देत नसे. आज तिच्या जवळजवळ सहापट क्षमतेची बॅटरी खिशात बाळगणारा गृहस्थ संध्याकाळी एस.टी.त बसल्याबरोबर खिडकीजवळचा चार्जिंग पॉइंट चालू आहे की नाही हे चाचपून पाहतो. साठा वाढला त्याहून खर्च अधिक वाढला. तळहाताएवढा प्रकाशमान पडदा, अहोरात्र इंटरनेटशी चाललेला संवाद आणि पडद्याआड गुपचूप जाग्या राहणाऱ्या ॲपांचा गोतावळा हे या खर्चाचे मुख्य धनी आहेत.

स्वस्त फोनांविषयी नाक मुरडणाऱ्यांचा पक्ष मला मान्य नाही. बॅटरीच्या बाबतीत तर गरिबाचा फोन पुष्कळदा श्रीमंताच्या फोनाला लाजवतो. त्याच्या पडद्यावर बिंदू कमी असतात; १६०० गुणिले ७२० बिंदूंच्या पडद्याला २४०० गुणिले १०८० च्या पडद्यापेक्षा निम्म्याहूनही कमी बिंदू सांभाळावे लागतात, आणि अंगाने जाड-जूड दिसण्याची लाज नसल्यामुळे त्याच्या पोटात मोठी बॅटरी बिनदिक्कत बसते. परंतु तेथेच दुसरी बाजू उभी राहते. महागड्या फोनाचा प्रोसेसर तीन-चार नॅनोमीटरच्या तंत्राने घडविलेला, तर स्वस्तातल्या कित्येकांचा अजून बारा नॅनोमीटरचा. तेच काम करण्यास दुसऱ्याला अधिक वीज लागते, अधिक वेळ लागतो आणि तो तापतोही अधिक. सारांश, सारखेच ५००० एमएएच मिरविणारे दोन फोन एकाच दिवशी, एकाच हातात निरनिराळ्या वेळी माना टाकतात, आणि याचा काडीइतका सुगावा वेष्टनावरून लागत नाही.

शिवाय हा फोन वापरला जातो कोठे, याचा विचार चाचणी घेणारे करीत नाहीत. वातानुकूलित खोलीत, वायफायच्या छत्राखाली, मध्यम उजेड ठेवून एखादी चित्रफीत पुनःपुन्हा दाखवीत राहावे आणि फोन बंद पडेपर्यंतचे तास मोजावेत, ही प्रचलित रीत. तिच्या शेजारी ई-पीक पाहणीचे उदाहरण ठेवून पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या योजनेत, पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात होणारी पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची असते; सातबाऱ्यावर पीक चढावे, पुढे विमा, नुकसानभरपाई किंवा हमीभावाची खरेदी यांत हरकत येऊ नये, म्हणून तो भादव्याच्या उन्हात बांधावर उभा राहतो. पडद्यावरील अक्षर दिसावे म्हणून उजेड पूर्ण वाढवतो, शेताची जागा निश्चित व्हावी म्हणून लोकेशन चालू करतो, पिकाचे छायाचित्र घेतो, आणि मग ते पुढे जाण्याची वाट पाहत रेंजच्या शोधात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. टॉवर जितका दूर, तितकी अधिक शक्ती फोनाला तेथवर पोहोचण्यासाठी लावावी लागते. बॅटरी खाणारी जेवढी म्हणून कारणे आहेत तेवढी सगळी या एका सरकारी कामात एकवटलेली आहेत; आणि गंमत अशी की, दिवसभरात फोनाला फारसा हात न लावणाऱ्या माणसाचीही बॅटरी डोंगरकपारीच्या गावात केवळ रेंज शोधण्यात उतरते. शहरातल्या चाचणीतले पंधरा तास त्याच्या काय उपयोगाचे?

बॅटरी दिवसभर टिकते काय, या प्रश्नाहून ती किती वर्षे टिकते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो तर दुकानात कोणी विचारीतच नाही. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते. शून्यापासून शंभर टक्क्यांइतका भार भरून तो खर्च झाला की तिच्या आयुष्यातले एक आवर्तन संपते, आणि अशी काही शे आवर्तने झाली की मूळ क्षमतेचा पाचवा हिस्सा नाहीसा होतो. येथे मोठ्या बॅटरीचा एक लाभ मान्य केला पाहिजे: जिला दोन दिवसांतून एकदा चार्जिंगला लावावे लागते, तिची आवर्तने निम्म्या वेगाने संपतात. पण उष्णता हा हिशेब उलटवते. बड्या कंपन्यांची माहितीपत्रके ० ते ३५ अंशांच्या हवेत फोन वापरावा असे सुचवितात. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या पोऱ्याने ही सूचना पाळायची तर वर्षातले दोन महिने धंदा बंद ठेवावा लागेल. मग एके दिवशी फोनाची पाठ उचललेली दिसते, "बॅटरी फुगली" असे निदान होते, आणि पूर्वी नखाने झाकण काढून नवी बॅटरी बसविणारा मनुष्य आता डिंकाने चिकटविलेले अंतरंग उघडण्यासाठी कारागिरापुढे तिष्ठतो. तेथे त्या मॉडेलची अस्सल बॅटरी येणे बंद झाल्याचे त्याला कळते.

म्हणून स्वस्ताईचा जमाखर्च वर्षांनी मांडला पाहिजे. नऊ हजारांचा फोन दोन वर्षांत निकामी झाला तर तो वर्षाला साडेचार हजारांना पडला. पंधरा हजारांचा पाच वर्षे चालला तर तीन हजारांना. विजेचा खर्च या हिशेबात धरण्याचेही कारण नाही, कारण ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरण्यास युनिटचा जेमतेम चाळिसावा-पन्नासावा भाग लागतो.

उत्पादकांचा ठरलेला युक्तिवाद असा की, प्रत्येकाचा वापर निराळा, तेव्हा तासांची हमी द्यावी कशी? वाहनांच्या बाबतीत हाच युक्तिवाद आपण कधीच निकालात काढला आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेले ॲव्हरेज घाटात किंवा सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत मिळत नाही हे प्रत्येक जण जाणतो, तरीही दोन मोटारींत निवड करताना तो आकडा उपयोगी पडतो, कारण तो एकाच कसोटीतून निघालेला असतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनांच्या बाबतीत नेमके हेच केले: एका चार्जिंगमध्ये फोन किती तास-मिनिटे चालेल आणि किती आवर्तनांनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता उरेल, हे लेबलावर छापणे बंधनकारक झाले, ८०० आवर्तनांची किमान मर्यादा घालण्यात आली, आणि विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षे अपडेट पुरविण्याचे दायित्व आले. आपल्याकडे २००६ पासून ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकित लेबल चालत आले असून फ्रिज घेताना तारे मोजण्याची सवय गृहिणींच्या अंगवळणी पडली आहे. तेव्हा यंत्रणा नाही ही सबब टिकणार नाही. आपल्या कसोटीत मात्र कडक ऊन आणि क्षीण रेंज यांचा अंतर्भाव असलाच पाहिजे. युरोपचे लेबल जसेच्या तसे उचलून आणण्यात हशील नाही.

केंद्राचा कायदा होईल तेव्हा होवो; राज्य शासन स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले, ते फोन तापतात, अडकतात आणि दुरुस्तीचा भुर्दंड आपल्याला बसतो या तक्रारींवरून. पुढच्या खरेदीच्या निविदेत एमएएचचा रकाना खुशाल ठेवावा, परंतु त्याच्याखाली आणखी तीन रकाने असावेत: उन्हात, कमी रेंजमध्ये किती तास, किती आवर्तनांची हमी, आणि किती वर्षे अस्सल बॅटरी व अपडेट. हे तीन भरल्याखेरीज निविदा उघडू नये, एवढा आदेश काढण्यास मंत्रालयाला कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही.