राजकोटचा पुतळा आणि खारा वारा

मालवणच्या राजकोटावरचा पहिला शिवपुतळा २०२३ च्या नौदल दिनी उभा राहिला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला. पुरते नऊ महिनेही नाहीत! खापर वाऱ्यावर फुटले. पण आमचा खारा वारा काही कालचा नव्हे. नट-बोल्टांना गंज चढल्याचे बांधकाम खात्याने आधीच कळवले होते.

आताचा ६० फुटी ब्राँझचा पुतळा राम सुतारांचा. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा हा शिल्पकार तरुणपणी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळची भंगलेली शिल्पे सांधत असे. शंभरी गाठून २०२५ मध्ये ते गेले. जोड कुठे सुटतो, हे अशाच हातांना कळत असावे.

बँकेत आम्ही तारण दरवर्षी तपासत असू. या पुतळ्याचीही तशीच तपासणी व्हावी आणि अहवाल मालवणच्या बाजारपेठेत लावावा. पर्यटकांआधी तो आम्हाला वाचायचा आहे.