विश्लेषण : नदीकाठचे घर घेताना ‘व्ह्यू’आधी पूररेषा का पाहावी?

पुण्यात मुठा आणि मुळा-मुठेच्या काठावरील गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘रिव्हर व्ह्यू’ हे शब्द ठळक अक्षरांत असतात. मध्यवस्ती, जवळ मेट्रो आणि खिडकीसमोर मोकळे आकाश, हे आकर्षण खोटे नाही. मात्र याच काठावर निळी आणि लाल अशा दोन रेषाही आखलेल्या आहेत. घराची किंमत ठरवताना त्यांचा विचार क्वचितच होतो.

नदीकाठाचे आकर्षण का वाढले?

डेक्कन, शनिवार पेठ किंवा बंडगार्डन परिसरात मोकळी जागा फारशी उरलेली नाही. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात एका इमारतीच्या खिडक्या दुसरीच्या भिंतीला भिडतात. नदीच्या बाजूला तशी भिंत उभी राहण्याची शक्यता कमी असते, त्यामुळे उजेड आणि वारा टिकतो. त्यात वनाज ते रामवाडी मेट्रो मार्गाची छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही स्थानके नदीकाठीच आहेत. महापालिकेच्या नदीकाठ विकास प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा हा प्रकल्प आहे. नदीकडे पाठ करून वाढलेले शहर आता तिच्याकडे तोंड वळवत आहे आणि जागेचे भाव ठरवताना तेही हिशेबात धरले जाते.

निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय?

सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. जलसंपदा विभाग या रेषा निश्चित करतो. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो. तिथे उद्याने, मैदाने, खुले वाहनतळ अशा मोजक्याच वापराला मुभा असते. निळ्या आणि लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधकामाला तिथे परवानगी मिळू शकते. म्हणजेच परवानगी असलेली इमारतही पूरक्षेत्रात असू शकते.

‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे निर्धास्त राहायचे का?

हा शब्दप्रयोग फसवा आहे. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची ९९ वर्षे सुट्टी, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ही शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुरासाठी ती निम्म्याहून अधिक भरते. शिवाय या रेषा मागील नोंदींवर आखल्या जातात. नदीपात्रात भराव पडला, ओढे-नाले बुजले किंवा पावसाची तीव्रता वाढली, तर पाणी जुन्या रेषेचे बंधन पाळत नाही.

खडकवासल्याचा याच्याशी संबंध काय?

मुठेच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही धरणे आहेत. चौघांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे, त्यात सर्वांत खालच्या खडकवासल्याची जेमतेम दोन टीएमसी. वरून पाण्याचा जोर वाढला की खडकवासल्याला ते साठवून ठेवता येत नाही, खाली सोडावेच लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यानंतर झालेला विध्वंस पुण्याच्या स्मरणात आहे. पण धोक्यासाठी धरण फुटावेच लागते असे नाही. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि विसर्गामुळे सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीतील सोसायट्यांत पाणी शिरले. त्याच दिवशी डेक्कनजवळील पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला.

नदीकाठ प्रकल्पाने धोका टळेल का?

बंधाऱ्यांमुळे पूर आटोक्यात राहील, अशी महापालिकेची भूमिका आहे. भराव आणि बंधारे पात्र आक्रसतील, असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. या वादाचा निकाल एखादा मोठा पूरच देईल, अशी वेळ येऊ नये. दुसरा प्रश्न पाण्याच्या दर्जाचा. ज्या अहमदाबादचा दाखला दिला जातो, तिथे साबरमतीत नर्मदा कालव्याचे पाणी खेळवले जाते. पुण्यात पावसाळा सरला की मुठेत सांडपाणीच अधिक दिसते. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाह्याने हाती घेतलेली ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे पूर्ण क्षमतेने चालल्याशिवाय काठ सजवून उपयोग नाही.

खरेदीदाराने काय तपासावे?

विकास आराखड्याच्या नकाशावर भूखंड कोणत्या पट्ट्यात येतो, हे आधी पाहावे. महारेराच्या संकेतस्थळावरील मंजूर नकाशे वाचावेत. सदनिका दहाव्या मजल्यावर असली तरी तळघरातील वाहनतळ, वीजजोड, लिफ्टचा खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी कोणत्या पातळीवर आहे, हे विचारावे. पूर आल्यास इमारतीबाहेर पडण्याचा रस्ता कोरडा राहतो का, हेही पाहावे. शेजारच्या जुन्या सोसायटीतील रहिवाशांना २०२४ चा अनुभव विचारला, तर माहितीपत्रकापेक्षा अधिक कळेल.

पण हा भार एकट्या ग्राहकावर टाकणे योग्य नाही. इमारतीचे स्थान कोणत्या पूररेषेत आहे, हे विक्री करारात आणि जाहिरातीत ठळकपणे सांगणे बंधनकारक व्हायला हवे. नदीच्या दृश्याचे जादा पैसे ग्राहक भरतो, तर नदीच्या जोखमीची माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे.