यशवंतांचे सत्कार आणि परतलेल्यांची उपेक्षा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा अंतिम निकाल लागला की गावोगावी सत्कारसमारंभांना भरते येते. चौकाचौकांत फलक झळकतात, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि ज्याने त्या मुलाला दहावीनंतर कधी पाहिलेही नाही असा पुढारी त्याच्या कर्तृत्वाचा पट उलगडू लागतो. गुणवंतांचे कौतुक व्हावे, याबद्दल कोणाचेच दुमत असणार नाही. 21 एप्रिल 1947 रोजी दिल्लीतील मेटकाफ हाऊसमध्ये सरदार पटेलांनी स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाच्या पहिल्या प्रशासकीय तुकडीसमोर भाषण केले; त्या परंपरेत आपल्या घरातील मुले-मुली दाखल व्हावीत, ही आकांक्षा राष्ट्रहिताचीच आहे. परंतु या सोहळ्यांच्या झगमगाटात एक साधा हिशेब नजरेआड होतो.

2024 च्या परीक्षेसाठी 9 लाख 92 हजार 599 जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले 5 लाख 83 हजार 213. त्यांपैकी 14 हजार 627 मुख्य परीक्षेला पात्र ठरले, 2 हजार 845 मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि निवड झाली ती 1009 जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे पावणेसहाशे उमेदवारांमागे एक. मुलाखतीच्या दालनातून बाहेर पडूनही रित्या हाताने परतलेल्यांचीच संख्या 1836 भरते. देशातील सर्वांत अवघड परीक्षेच्या अखेरच्या पायरीपर्यंत गेलेल्या या तरुणांचे पुढे काय झाले, हे विचारायला त्यांच्या गावात कोणीही फिरकत नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला या प्रश्नाचे दर्शन रोज घडते. बीड, जालना, हिंगोली, वाशीम, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आलेली मुले येथे कॉट बेसिसवर राहतात, दोन वेळचा डबा लावतात आणि अभ्यासिकेतील एका टेबलासाठी महिन्याकाठी पैसे मोजतात. घरी सोयाबीन किंवा कापसाचा पैसा हाती आला की त्यातला वाटा आधी पुण्याला जातो. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी ईर्षा. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र उरतो तो केवळ संकोच. गावातील लग्नात ‘निकालाचे काय झाले?’ हा प्रश्न ठरलेला असल्याने मुलगा लग्नाला जाणेच सोडतो. मग केंद्राची परीक्षा मागे पडून राज्यसेवा येते, राज्यसेवेनंतर फौजदार, त्यानंतर तलाठी. ध्येय एकेक पायरी खाली उतरत जाते, पण परतीची वाट काही सापडत नाही. मुलींच्या बाबतीत विवाहाचा तगादा ही आणखी एक टांगती तलवार. दिल्लीची कथा याहून वेगळी नाही. ओल्ड राजिंदर नगरमधील एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील वाचनालयात 27 जुलै 2024 रोजी पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला, तेव्हा कोठे ही मुले कशा जागी बसून देशसेवेची स्वप्ने पाहतात हे समाजाला कळले.

शिकवणी संस्थांच्या जाहिरातींविषयी तर न बोललेलेच बरे. एकच यशस्वी चेहरा तीन-चार संस्थांच्या फलकांवर हसताना दिसतो! दिशाभूल करणाऱ्या अशा जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक संस्थांना दंडही ठोठावला आहे. तथापि सगळा दोष त्यांच्या माथी मारून पालकांना मोकळे होता येणार नाही. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला 32 वर्षे वयापर्यंत सहा वेळा परीक्षा देता येते. इतर मागासवर्गीयांना 35 पर्यंत नऊ वेळा. नियमाने दिलेल्या संधी सगळ्या संपवल्याच पाहिजेत, असा मात्र कोठेही नियम नाही. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय करायचे, हे घर सोडण्याच्या दिवशीच ठरले पाहिजे, आणि ते वडिलांनी बोलून दाखवले पाहिजे. दोन, फार तर तीन प्रयत्न. त्यानंतर घराचे दार उघडे आहे, याची ग्वाही. अशी ग्वाही मिळालेला मुलगा अधिक निर्भयपणे परीक्षा देतो. ज्याच्या डोक्यावर विकलेल्या शेताचे ओझे असते, त्याची लेखणी मुख्य परीक्षेच्या निबंधातही मोकळी चालत नाही.

या परीक्षेची तयारी म्हणजे पदवीनंतर पुण्यास जाऊन टिपणे पाठ करणे, हा समजही तपासायला हवा. मुख्य परीक्षेचे 1750 गुण आहेत. त्यांत निबंध आहे, नीतिशास्त्र आहे, समाज आणि शासन यांविषयीचे प्रश्न आहेत. मुलाखतीचे 275 गुण वेगळे. असले शहाणपण आठ महिन्यांच्या वर्गात कोठून येणार? चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. 1912 च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजमध्ये शिकले ते निसर्गविज्ञान. आणि 1918 साली लंडनमध्ये आय. सी. एस. परीक्षेत त्यांनी प्रथम क्रमांक पटकावला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली मंत्रिपद सोडून मोकळे झाले आणि कालिदासाचे मेघदूतही त्यांनी मराठीत आणले. त्यांच्या यशाचा पाया परीक्षेच्या वर्षात नव्हे, तर शाळेतल्या व्यासंगात होता.

मराठी माध्यमाचा न्यूनगंड हीसुद्धा अशीच एक अनाठायी गोष्ट. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर 1979 पासून भारतीय भाषांत उत्तरे लिहिता येऊ लागली. मार्च 2013 मध्ये आयोगाने हा अधिकार आखडता घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संसदेपासून रस्त्यापर्यंत विरोध झाला आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र आजही हिंदी व इंग्रजीतच असते. म्हणून इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, पण विचार आणि लेखन मातृभाषेत करण्यात कमीपणा कसला?

दिल्लीत 1986 पासून ‘संकल्प’ने आणि पुण्यात 1996 पासून चाणक्य मंडलाने राष्ट्रीय दृष्टीच्या तरुणांना मार्गदर्शन करण्याचे काम केले आहे. आता हे काम तालुक्यात उतरायला हवे, आणि त्यासाठी जी माणसे लागतात ती परतलेल्या मुलांच्या रूपाने गावात आधीच उपलब्ध आहेत. 73 वी घटनादुरुस्ती कलमासह मुखोद्गत असलेला तरुण स्वतःच्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मात्र कधी पाहत नाही, कारण अपयशाचा शिक्का घेऊन तो घरात बसलेला असतो. पतपेढी, दूध संघ, शाळा, ग्रामसभा या सर्व ठिकाणी राज्यघटना व अर्थकारण जाणणाऱ्या माणसाची वानवा आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्यांना मिळावी म्हणून आयोगाने ‘प्रतिभा सेतू’ योजना चालवली आहे. त्या उमेदवारांच्या गुणवत्तेचे मोल आयोगाला कळते, मग शेजाऱ्यांना का कळू नये?

कार्यकर्त्यांनी यासाठी इमारत उभारण्याच्या किंवा देणग्या गोळा करण्याच्या मागे लागण्याची गरज नाही. संध्याकाळी कुलूपबंद राहणारी शाळेची एक खोली, दोन वर्तमानपत्रे, आठवड्याला एक मराठी निबंध तपासणारा निवृत्त तहसीलदार किंवा बँक अधिकारी, आणि नववी-दहावीच्या मुलांना भूगोल शिकवायला पुण्याहून परतलेला एक तरुण. हिंगोलीत किंवा वाशीममध्ये एवढ्यावर येत्या जूनपासून सुरुवात करता येईल.