पोहण्याचा हिशेब वहीत मांडा

मैत्रिणींनो, ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचं. गोव्यात मिरामारला २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत प्रथम झाली. घरसंसार सांभाळून तिची तयारी करण्याची हौस तुमच्यापैकी कुणाला असेल, तर आधी आपला वेग जाणून घ्या. या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहावं लागतं आणि त्यासाठी साधारणपणे १ तास १० मिनिटं मिळतात. त्याहून उशीर झाला, तर पुढे सायकलला हात लावू देत नाहीत!

पोहण्याचा वेग १०० मीटरला लागणाऱ्या वेळात मोजतात. तलाव किती लांबीचा आहे ते आधी विचारून घ्या. २५ मीटरचा असेल, तर चार फेऱ्यांचे १०० मीटर होतात. (एकदा या टोकाहून त्या टोकाला, ती एक फेरी.)

आता एखाद्या दिवशी ४०० मीटर जोमानं पोहा. चांगली विश्रांती घेऊन मग २०० मीटर पोहा. दोन्ही वेळा मैत्रिणीला घड्याळ लावायला सांगा. समजा, ४०० मीटरला १४ मिनिटं लागली आणि २०० मीटरला ६ मिनिटं ४० सेकंद. वजाबाकी केली की ७ मिनिटं २० सेकंद उरतात. ही झाली २०० मीटरची वेळ. तिची निम्मी, म्हणजे ३ मिनिटं ४० सेकंद, हा तुमचा १०० मीटरचा वेग. सुरुवातीच्या ताज्या दमाचा फायदा वजाबाकीत बराचसा निघून जातो, म्हणून हा आकडा खरा. मात्र सेकंदांचा हिशेब साठाचा असतो, बरं का! साडेतीन मिनिटं म्हणजे ३ मिनिटं ३० सेकंद, ५० नव्हेत.

या वेगानं १९०० मीटरला ६९ मिनिटं ४० सेकंद लागतील. तुम्ही म्हणाल, “जमलं की!” पण हाती उरले अवघे २० सेकंद. शिवाय हा वेग तासभर टिकत नाही, आणि समुद्रात लाटा असतात, दिशाही चुकते. तेव्हा फी भरण्याची घाई नको. वेग सव्वातीन मिनिटांवर आला, तर तेच अंतर ६१ मिनिटं ४५ सेकंदांत होईल आणि आठ मिनिटं गाठीशी राहतील.

त्यासाठी आठवड्यातून एकदा १०० मीटर आठ वेळा पोहा. मध्ये २० सेकंद थांबा. आठही वेळा सारखाच वेळ लागला पाहिजे. शेवटच्या फेऱ्या रेंगाळल्या, तर पहिल्या घाईनं झाल्या असं समजा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा वेळ लावून पाहा. शेजारच्या रांगेतली कॉलेजकन्या किती भरभर जाते, ते बघूच नका. तुलना आपल्याच मागच्या आकड्याशी करा.

आणि हो, समुद्रात सरावाला एकटीनं कधीही उतरू नका.