सहकाऱ्याचा ठावठिकाणा

मनुष्याचें नांव ठाऊक असणें आणि त्याचा ठावठिकाणा ठाऊक असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ज्यानें कधीं जुन्या सहकाऱ्यास पत्र लिहावयास घेतलें त्यास सांगावयास नको. आपल्यांतील पुष्कळ घरांत कुलवृत्तांताचा ग्रंथ असतो. त्यांत पणजोबांच्याही पूर्वीच्या पिढ्या सांपडतात. परंतु ज्या गृहस्थाबरोबर वडिलांनीं एका कचेरींत तीस वर्षें काढलीं, त्याचें नांव त्यांत असण्याचें कारण नाहीं. नात्याच्या नोंदीची सोय समाजानें केली. सहवासाची नोंद मात्र ज्याच्या त्याच्या स्मरणावर राहिली. हीच अडचण संगणकांचीं जाळीं प्रथम विणलीं गेलीं तेव्हां तेथील विद्वानांसही पडली, आणि तिचें निवारण त्यांनीं कसें केलें हें आपण पाहण्यासारखें आहे.

अमेरिकेंत १९६९ सालीं आर्पानेट या जाळ्यानें निरनिराळ्या विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे संगणक जोडण्यास प्रारंभ झाला. त्यावर काम करणाऱ्यांची नामावली ठेवण्याचें काम स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहितीकेंद्राकडे असे, व त्याची धुरा एलिझाबेथ फाइन्लर या विदुषींनीं वाहिली. पुढें १९८२ सालीं 'हूइज' नांवाची सोय झाली. नांव टंकावें, कीं त्या व्यक्तीचा टपालाचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक व संगणकावरील पत्रपेटी यांची माहिती समोर येई.

त्याच्याही आधीं, १९७१ सालीं, स्टॅनफर्ड येथील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत लेस अर्नेस्ट यांनीं 'फिंगर' नांवाची योजना केली होती. संगणकावर कोण काम करीत आहे याच्या यादीवरून लोक बोट फिरवीत आपला माणूस शोधतात, हें त्यांनीं पाहिलें आणि त्या बोटाचेंच नांव योजनेस दिलें. सहकारी आतां कामावर आहे काय, नसल्यास शेवटचा केव्हां होता, हें तिजवरून कळे. शिवाय 'प्लॅन' म्हणून एक टिपण असे; त्यांत ज्यानें त्यानें आपला बेत, आपली अनुपस्थिति स्वतः लिहून ठेवावी. त्या योजनेचें मर्म माझ्या मतें येथेंच आहे. माहिती ज्याची, टिपण त्याच्याच हातचें.

आपल्याकडे १९८६ सालीं एर्नेटचा उपक्रम सुरू झाला. त्यांत आरंभीं आठ संस्था होत्या, पैकीं दोन मुंबईच्या: राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचें आय. आय. टी. आमचें शिवाजी विद्यापीठ त्या आठांत नव्हतें. पहिल्या काळांत हे संगणक एकमेकांस अखंड जोडलेले नसत. ठराविक वेळीं दूरध्वनीवरून सांचलेलीं पत्रें देत-घेत आणि तार सोडून देत. 'फिंगर'ला तर त्या क्षणीं उघडी तार हवी. मग शोधावयाचें कसें? प्रत्येक संगणकावर 'पोस्टमास्टर' या नांवाची पेटी असावी, असा नियम १९८२ सालींच झाला होता. तिला लिहून 'अमुक गृहस्थ आपल्याकडे आहेत काय' असें विचारण्याची वाट मोकळी होती. यंत्राच्या मागें अखेर एक उत्तर देणारें माणूसच होतें! परदेशाशीं तारेचा कायमचा संबंध मुंबईहून १९८९ सालीं जुळला. सामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि तेंही प्रथम मोठ्या शहरांत. तोंवर कोल्हापुरांतील बहुतेक घरांची भिस्त पोस्टकार्डावरच होती.

उघड्या दाराचा दोषही लौकरच दिसून आला. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एक उपद्रवी कार्यक्रम जाळ्यांत सुटला व इतर वाटांबरोबर 'फिंगर'च्या एका उणिवेंतूनही शिरून त्यानें पुष्कळ संगणक ठप्प केले. ओळखीच्या मंडळींसाठीं उघडें ठेवलेलें दार तिऱ्हाइतासही उघडेंच असतें. पुढें बहुतेक संस्थांनीं 'फिंगर' बंद केलें. 'हूइज'मधील खाजगी तपशीलही २०१८ च्या युरोपीय कायद्यानंतर बव्हंशीं झांकले गेले. हें योग्यच झालें, असें मला वाटतें.

परंतु त्यामुळें आपल्या घरचा प्रश्न सुटत नाहीं. आज वडिलांच्या सहकाऱ्यांचे क्रमांक त्यांच्या मोबाईलमध्यें असतात आणि मोबाईलची किल्ली केवळ त्यांच्या ध्यानांत. दुर्दैवानें त्यांस कांहीं बरें-वाईट झालें, तर कळवावयाचें कोणास? ज्यांनीं चार अश्रु ढाळले असते तीं माणसें सहा महिन्यांनीं कोणाच्या तरी तोंडून ऐकतात, आणि घरच्यांस सांत्वनाचे जे शब्द मिळावयाचे ते मिळत नाहींत. मंगळवार पेठेंतील वाडा पाडला जातो, शाहूपुरींतील बिऱ्हाड मुलाकडे पुण्यास जातें, आणि जुना पत्ता निरुपयोगी होतो.

यावर उपाय साधा आहे. घरांत एक वही असावी. तींत प्रत्येकानें आपल्या जिवाभावाच्या पांच-दहा सहकाऱ्यांचीं नांवें, पत्ते व क्रमांक त्यांस विचारून स्वहस्तें लिहावे. पुरुषांनींच नव्हे, शाळेंत, बँकेंत, इस्पितळांत नोकरी केलेल्या सुना-सासवांनींही. बाईच्या सहकारिणींची आठवण घरांत सर्वांत आधीं पुसली जाते, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. वही चव्हाट्यावर न ठेवतां कपाटांत ठेवावी, मात्र ती कोठें आहे हें घरांतील दोघांस तरी माहीत असावें. आणि दरवर्षीं पाडव्यास ती उघडून चुकलेले पत्ते दुरुस्त करावे. ती दुरुस्ती करण्यासाठीं ज्यास विचारावें लागेल, त्याचा आवाज त्या निमित्तानें वर्षांतून एकदां तरी कानीं पडेल.